गुंडू गांडूळ आणि गोड चोथा

तारीख सात फेब्रुवारी. पहाटे गार वारा. आभाळात एकही ढग नाही. आठनंतर कडक ऊन.

गच्चीवर आत्याची बाग आहे. बाग अगदी नवी. चार कुंड्या, एक नळ, एक झारी. आणि कोपऱ्यात एक निळा टब.

टबात काय? भाजीची देठं. केळ्याची सालं. वाळलेली पानं.

आणि टबात कोण?

गुंडू!

गुंडू म्हणजे एक इटुकलं गांडूळ. आत्याच्या करंगळीपेक्षाही लहान. टबात अंधार. टबात ओल. टबात गार गार. गुंडू सालं खातो. पानं खातो. झोपतो. उठतो. पुन्हा खातो.

आणि मग?

पुळुक! एक काळी गोळी टाकतो.

त्या दिवशी सकाळी आतोबांनी चहा घेतला. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांच्या चहात साखर चार चमचे! भुर्रर्र, भुर्रर्र! चहा संपला. गाळणीत चोथा उरला.

"चोथा टबात टाकायचाय," आत्या म्हणाली. "थांबा हं, आधी धुते."

"चोथ्याला काय आंघोळ घालायची?" आतोबा हसले. "दे इकडे. तसाच टाकतो."

धप्प!

चोथा टबात पडला. गोड गोड चोथा. गोड गोड वास.

एक मुंगी आली. तुरुतुरु. दुसरी आली. तुरुतुरु. तिसरी आली. मग आल्याच आल्या! तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

सालीवर मुंग्या. पानावर मुंग्या. गुंडूच्या नाकासमोर मुंग्या. गुंडूच्या शेपटीवर मुंग्या.

"आई गं!" गुंडू ओरडला. टबाच्या तळाला एक भोक होतं. गुंडू भोकातून बाहेर पडला.

वळवळ वळवळ सुळुक!

बाहेर काय? कोरडी कोरडी फरशी. भिंतीजवळ सावली. पुढे ऊन.

भिंतीपासून सात फरश्या. ऊन सातव्या फरशीवर होतं. पण ऊन काही बसून राहत नाही. ऊन सरकतं. सरकत सरकत भिंतीपाशी येतं. आणि उन्हात गांडूळ वाळतं. काडीसारखं कडक होतं!

गुंडूला घर हवं होतं. ऊन पहिल्या फरशीवर यायच्या आत हवं होतं.

गुंडू भोकात तोंड घालून म्हणाला,

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, माझं घर सोडा ना!"

मुंग्या खात होत्या. चुटुचुटु चुटुचुटु.

"छे! चोथा गोड आहे," मुंग्या म्हणाल्या. "झारी चोथा धुईल, गोड निघून जाईल, तर आम्ही घर सोडू. नाही तर नाही!"

ऊन सरकलं. सर्रर्र! सहाव्या फरशीवर आलं.

गुंडू घाबरला. पुळुक! एक काळी गोळी पडली.

गुंडू निघाला. वळवळ वळवळ सुळुक! भिंतीला टेकून झारी उभी होती.

"का रे गुंडू, कुठे निघालास?"

गुंडू म्हणाला,

"मुंग्या घर सोडीनात,
मी राहू कुठे?

झारीताई, झारीताई, चोथा धुशील का?"

झारी हलली. खणखण खणखण!

"ऐकलास आवाज? माझं पोट रिकामं," झारी म्हणाली. "नळ पाणी देईल, तर मी चोथा धुईन. नाही तर नाही!"

ऊन सरकलं. सर्रर्र! पाचव्या फरशीवर आलं.

गुंडू घाबरला. पुळुक! एक काळी गोळी पडली.

गुंडू निघाला. वळवळ वळवळ सुळुक! नळ डुलक्या काढत होता. घुर्रर्र, फुस्स. घुर्रर्र, फुस्स.

"नळदादा, नळदादा!"

"अं? का रे गुंडू, कुठे निघालास?"

गुंडू म्हणाला,

"झारी चोथा धुईना,
मुंग्या घर सोडीनात,
मी राहू कुठे?

नळदादा, नळदादा, पाणी देशील का?"

"आपलं आपण मला फिरता येत नाही रे," नळ म्हणाला. "आत्या उठेल, मला फिरवेल, तर मी पाणी देईन. नाही तर नाही!" आणि पुन्हा घुर्रर्र, फुस्स.

ऊन सरकलं. सर्रर्र! चौथ्या फरशीवर आलं.

गुंडू घाबरला. पुळुक! एक काळी गोळी पडली.

गुंडू निघाला. वळवळ वळवळ सुळुक! चटईवर आत्या बसली होती. आत्याच्या मांडीवर कोण? छोटी रेवू! रेवू दोन वर्षांची. गाल फुगवून बसली होती.

"अगं बाई, गांडूळ!" आत्या म्हणाली. "का रे गुंडू, कुठे निघालास?"

गुंडू म्हणाला,

"नळ पाणी देईना,
झारी चोथा धुईना,
मुंग्या घर सोडीनात,
मी राहू कुठे?

आत्या, आत्या, उठशील का?"

"कशी उठू बाळा? ही रेवू बघ, तासभर मांडीवर बसलीय. माझ्या पायाला मुंग्या आल्या!"

"मुंग्या?" गुंडू दचकला. "इथेसुद्धा मुंग्या?"

त्यानं आत्याच्या पायावर बघितलं. मुंगी नाही. पायाखाली बघितलं. मुंगी नाही. अंगठ्याच्या मागे बघितलं. तिथेही नाही!

"अरे वेड्या, दिसणाऱ्या मुंग्या नाहीत त्या!" आत्या खो खो हसली. "पाय झिणझिण करतोय. रेवू मांडी सोडेल, तर मी उठेन. नाही तर नाही!"

ऊन सरकलं. सर्रर्र! तिसऱ्या फरशीवर आलं.

गुंडू घाबरला. पुळुक! एक काळी गोळी पडली.

गुंडूनं मान वर केली. रेवूनं मान खाली केली.

"शेवई!" रेवू म्हणाली. "आत्तू, शेवई!"

"शेवई नाही गं सोने! गांडूळ आहे ते. खायचं नाही!"

"नाई खायचं?"

"नाही खायचं!"

"बलं," रेवू म्हणाली. "का ले गुंदू, कुथे निघालाश?"

गुंडू म्हणाला,

"आत्या जागची उठेना,
नळ पाणी देईना,
झारी चोथा धुईना,
मुंग्या घर सोडीनात,
मी राहू कुठे?

रेवू, रेवू, मांडी सोडशील का?"

रेवूनं बोट दाखवलं. तिकडे कुंडीत टोमॅटोचं रोप होतं. रोपावर एकच टोमॅटो होता. लाल लाल, गोल गोल.

"तमातू!" रेवू म्हणाली. "तमातू मिलेल, तल लेवू उथेल. नाई तल नाई!"

"सकाळपासून हेच चाललंय," आत्या म्हणाली. "मी तोडायला गेले, तर रोप टोमॅटो सोडत नाही. घट्ट धरून बसलंय!"

ऊन सरकलं. सर्रर्र! दुसऱ्या फरशीवर आलं.

गुंडूची पाठ कोरडी पडू लागली. गुंडू घाबरला. पुळुक! एक काळी गोळी पडली.

गुंडू निघाला. वळवळ वळवळ. आता सुळुक होईना. वळवळ वळवळ. कुंडी उंच होती. गुंडू चढला. पडला! पुन्हा चढला. पुन्हा पडला!

"चल रे गुंडू!" आत्या ओरडली.

"चल ले गुंदू!" रेवू ओरडली.

गुंडू तिसऱ्यांदा चढला. वळवळ, वळवळ, वळवळ, सुळुक! पोचला!

रोपाची पानं पिवळी होती. मान वाकडी होती.

"का रे गुंडू, कुठे निघालास?"

गुंडूला धाप लागली होती. तरी गुंडू म्हणाला,

"रेवू मांडी सोडीना,
आत्या जागची उठेना,
नळ पाणी देईना,
झारी चोथा धुईना,
मुंग्या घर सोडीनात,
मी राहू कुठे?

रोपा, रोपा, टोमॅटो देशील का?"

"माझ्याकडे हा एकच आहे," रोप म्हणालं. "मला भूक लागलीय. खत मिळेल, तर मी टोमॅटो देईन. नाही तर नाही!"

गुंडू रडवेला झाला.

"खत? खत म्हणजे काय? ते कुठे राहतं? त्याच्याकडे आता मी कसा जाऊ?"

"खत काळं असतं," रोप म्हणालं.

"काळं?"

"काळं काळं. आणि मऊ मऊ."

"मऊ मऊ?"

"मऊ मऊ. आणि गोळी गोळी. त्याला मातीचा वास येतो."

गुंडू विचारात पडला. मग गुंडू लाजला. शेंड्यापासून शेपटीपर्यंत लाल झाला.

"रोपा, रोपा... मी ना... ते ना..."

"काय ते?"

"सांगू?"

"सांग की!"

पुळुक!

एक काळी गोळी पडली. रोपाच्या अगदी मुळाशी.

"हेच!" रोप ओरडलं. "हेच! हेच खत!"

"हे खत?" गुंडू म्हणाला. "हे तर मीच करतो! रोज करतो! सकाळपासून करतोय!"

रोपानं खत खाल्लं. मच मच मच! मान सरळ झाली. पानं डुलली.

आणि मग?

रोपानं टोमॅटो दिला. टप!

टोमॅटो घरंगळला. गडगड गडगड! थेट रेवूच्या हातात.

"तमातू!"

रेवूनं मांडी सोडली. टुण्!

आत्या जागची उठली. हुश्श! पाय झाडला. झिणझिण झिणझिण. पायाच्या मुंग्या पळाल्या.

आत्यानं नळ फिरवला. नळ जागा झाला. नळानं पाणी दिलं. धो धो धो!

झारी भरली. आत्यानं टबातला चोथा चाळणीत काढला. झारीनं चोथा धुतला. झरझर झरझर! एकदा धुतला. पुन्हा धुतला.

गोड पाणी कोपऱ्यातल्या नळीतून खाली गेलं. मुंग्यांना वास आला.

"अगं, गोड तर तिकडे चाललं!"

मुंग्यांनी घर सोडलं. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! पुढे गोड पाणी, मागे मुंग्या. टब रिकामा!

आत्यानं धुतलेला चोथा टबात टाकला. वर वाळलेली पानं टाकली. मुठीनं पाणी शिंपडलं. शिप शिप!

"आता गुंडूला आणू," आत्या म्हणाली.

रेवूनं एक मोठं पान धरलं. दोन्ही हातांनी धरलं. श्वास रोखून धरलं. गुंडू पानावर चढला.

"शावकाश," रेवू म्हणाली. "शावकाश. शावकाश."

एक पाऊल. दोन पावलं. तीन पावलं. ऊन मागून येत होतं. चार पावलं. पाच!

पान टबावर आलं.

वळवळ वळवळ सुळुक!

गुंडू घरात गेला.

जिन्यावरून आतोबा वर आले. एका हातात दुसरा कप, दुसऱ्या हातात चोथ्याची गाळणी. भुर्रर्र!

"काय गं, कसला गोंधळ चाललाय?"

"चोथा धुवून टाकायचा असतो!" आत्या म्हणाली.

"हो का? मग मीच सकाळी म्हणालो होतो ना?"

"तुम्ही म्हणालात, चोथ्याला काय आंघोळ घालायची!"

"आंघोल!" रेवू म्हणाली. तिनं आतोबांच्या हातातली गाळणी घेतली. झारीपाशी नेली.

आत्यानं फरशीवरच्या काळ्या गोळ्या वेचल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही टोमॅटोच्या कुंडीत टाकल्या.

सकाळी अकरा वाजता ऊन पहिल्या फरशीवर आलं.

टबात गांडूळ एक. टबात मुंग्या शून्य. आत्याच्या पायात मुंग्या शून्य. टोमॅटोला खताच्या गोळ्या सहा, त्यातली एक रोपानं खाल्ली. टोमॅटो एक, तो रेवूनं खाल्ला.