वसुधाबाईंसाठी धबधबा

“पाणी पडतंय की! मग रडतोयस कशापायी?” कोंडिबाबांनी विचारलं.

“पडतंय, बाबा. पण बरोबर पडत नाही.”

“बरोबर म्हंजे कसं?”

पद्माकर शिंत्र्यांनी हातातली पहार खाली ठेवली.

तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. कालव्याची दारं ह्यांच्या शब्दावर उघडायची नि मिटायची. आणि आता निवृत्तीनंतर, घरामागच्या बागेतला कमरेएवढा धबधबा काही केल्या ह्यांचं ऐकेना!

कोंडिबाबा गावाबाहेरच्या देवळात राहायचे. पूर्वाश्रमीचे पाथरवट. उभा जन्म दगड फोडला आणि एके दिवशी छिन्नी-हातोडा नदीत टाकून भगवं नेसले. पद्माकररावांनी त्यांना गुरू मानलं होतं. आज मात्र गाडी पाठवून आणलं होतं ते निम्मं गुरू म्हणून, निम्मं पाथरवट म्हणून. विचारलं असतं तर कबूल केलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

“आज चार वाजता वसुधाला दवाखान्यातून घरी आणतायत,” पद्माकरराव म्हणाले. “ऑपरेशन नीट झालं. पण अकरा रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही तिच्या. डॉक्टर म्हणतात, झोप लागली तरच अंग धरेल. नाहीतर…”

त्यांनी हातांवरची माती झटकली.

“तिचं माहेर आंबोलीचं. लहानपणी धबधब्याच्या आवाजात झोपलेली पोर ती. म्हणून हा सगळा घाट घातला. आता हा आवाजच साधला नाही, तर ती झोपायची कशी, बाबा?”

बाबांनी धबधब्याकडे पाहिलं. वरच्या हौदातलं पाणी काठाच्या दगडावरून खालच्या हौदात पडायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. पण निम्मं पाणी खाली पडतच नव्हतं. काठाच्या दगडाला चिकटून मागं वळायचं आणि भिंतीवरून गुपचूप ओघळून जायचं.

“सहा वेळा दगड बदलला,” पद्माकरराव म्हणाले. “गवंड्याला हातसुद्धा लावू दिला नाही. सगळं स्वतः केलं. कालपासून वसुधाला फोनवर नऊ आवाज पाठवले. एक नंबर, दोन नंबर, असे नीट नंबर घालून. म्हटलं, सांग, ह्यातला कुठला तुझ्या आंबोलीसारखा?”

“काय म्हनली?”

“म्हणाली, कुठलाही चालेल.” पद्माकररावांचा आवाज चढला. “कुठलाही कसा चालेल? मी इथं जिवाचं रान करतोय आणि हिला कुठलाही चालतो!”

बाबा हसले नाहीत.

“तिला भेटून किती दीस झालं?”

“सहा. नलू आहे ना तिच्यापाशी, तिची धाकटी बहीण. घेऊनही तीच येणार आहे. मला इथून हलता येतंय होय? बघताय ना तुम्ही!”

खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सहा दिवसांपूर्वी ते बायकोला भेटायला दवाखान्यात गेले, तेव्हा वसुधाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. हाक मारली, तर ओ नाही. संपलं, असंच पद्माकररावांना वाटलं. क्षणाने बाईंनी डोळे उघडले, पण तोवर हे जिन्यापर्यंत पोहोचले होते. तसेच घरी आले आणि त्याच दुपारी ट्रॅक्टरभर दगड मागवले. तेव्हापासून माणूस बागेतच. जेवण उभ्या-उभ्या, झोप नावाला.

बाबा वाकले. पायाशी पडलेली दगडाची एक कपची उचलली आणि काठाच्या दगडाखाली, मागच्या बाजूनं सरकवली. दगड पुढं जरासा झुकला…

सगळं पाणी भिंत सोडून एका पदरानं खाली कोसळलं.

“अरे वा! साधलं!” पद्माकररावांनी टाळीच वाजवली. मग कान देऊन ऐकलं. चेहरा उतरला. “पण बाबा, आता फार मोठं नाही ना वाजत? लागलेली झोप मोडली तर? दचकली तर? तिच्या ऑपरेशनच्या टाक्यांना…”

आणि त्यांनी पहार उचलली.

“तिची खाट कुठं हाय?” बाबांनी विचारलं.

“ती काय, समोरच्या खिडकीत. मुद्दाम तिथं लावलीय.”

बाबांनी नळावर पाय धुतले आणि घरात गेले. वीस वर्षांत ज्यांनी गादीला पाठ लावली नव्हती, ते कोंडिबाबा वसुधाबाईंसाठी घातलेल्या स्वच्छ अंथरुणावर सरळ आडवे झाले. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले.

पद्माकरराव खिडकीतून पाहतच राहिले. मग उमगलं. बाबा परीक्षा घेतायत आवाजाची! वा, ह्याला म्हणतात गुरू!

ते घाईघाईनं कामाला लागले. पहारीनं एक धोंडा डावीकडं रेटला.

“आता, बाबा? ऐकू येतंय?”

खालच्या हौदात चार बादल्या पाणी ओतलं.

“आता? जरा मऊ झाला ना आवाज?”

पंपाची तोटी अर्धा आटा फिरवली. परत पाव आटा उलटी फिरवली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. घड्याळात अडीच वाजले होते.

“बाबा, काहीतरी बोला हो! दीड तासात गाडी दारात येईल!”

आतून चकार शब्द नाही. पद्माकररावांनी मान वर करून पाहिलं. खाटेवर एक म्हातारा देह, गळ्यापर्यंत चादर, डोळे मिटलेले. पहार हातातून सुटून दगडावर खणकन आपटली. त्या आवाजानंही खाटेवर हालचाल झाली नाही.

“बाबा!” ते जीव खाऊन ओरडले. जागचे मात्र हलले नाहीत. “बाबा, पाणी ऐकू येतंय का?”

बाबांनी डोळे उघडले नाहीत. चादरीतून त्यांचा एक हात हळूच बाहेर आला आणि खाटेच्या कडेवर, तळवा वर करून, तसाच थांबला.

“पाणी येतंय रं ऐकू… तू कुठं हाईस?”