तांब्यापुरते भाऊ

फार वर्षांमागची गोष्ट, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. नदीकाठी एक भरलं राज्य होतं आणि ओढ्यापलीकडे उघडेबोडके डोंगर. डोंगरातल्या माणसांना दरबारात नावच नव्हतं. 'पलीकडचे', एवढंच.

एका दुष्काळात त्यांनी धान्य मागितलं. राजाने दूताबरोबर निरोप धाडला, "पलीकडच्यांचं पलीकडे." दूत स्वभावाने भित्रा, पान पडलं तरी दचकायचा. निरोप सांगताना त्याने मान काही वर केली नाही. तरी दारादारांत बसलेली पोरं त्याला दिसलीच.

पुढे त्याच डोंगरात तांबं सापडलं. पूर्वेच्या राजाचे उंट तिकडे फिरू लागले, तसा इकडचा राजा गोड झाला.

"आजपासून ते आपले भाऊ," तो दूताला म्हणाला. "नारळ घे, शेला घे, डोंगर मागून आण. नाही आणलास, तर तूही पलीकडचाच."

दूताची बायकापोरं ओढ्याच्या अलीकडे होती.

डोंगरवस्तीची म्हातारी कारभारीण खाटेवर बसली होती. "भाऊ म्हणून आलोय," दूत चाचरत म्हणाला.

"मागल्या खेपेला नुसतेच आला होतात," म्हातारी म्हणाली. "बसा. पण पाव्हणं, भाऊ म्हटलं की वाटणी आली. आमच्या डोंगरात तुमचा वाटा, तर तुमच्या कोठारात आमचा. राजाला विचारून या. हो म्हणाला, तर अर्धा डोंगर तुमचा."

दूत धावतच परतला. राजाच्या एका शब्दाचं तर काम होतं.

राजा हसला. "तांब्यापुरते भाऊ रे. कोठारात कसले भाऊ? तू आपलं हो म्हणून सांग, पुढचं पुढे बघू."

'हो' दूताच्या ओठांवर आलंही होतं. पण वस्तीत शिरताना त्या पोरांची तीच दारं लागली होती. त्याने खरं तेच सांगून टाकलं.

म्हातारीने नारळ त्याच्या हातात परत ठेवला. "राजाला म्हणावं, पलीकडच्यांचं पलीकडे."

नारळ परत आलेला बघून ओढ्यावर शिपायांनी दूताला अडवलं. राजाने निदान हा शब्द तरी पाळला. दिवेलागणीला दूताची बायको डोक्यावर गाठोडं अन् पाठीशी पोरं घेऊन ओढा ओलांडून आली. म्हातारीने त्यांना जागा दिली. वाटणीचं नावही काढलं नाही.

पूर्वेच्या राजाने कोठाराची अट मानली, तांबं तिकडे गेलं. नदीकाठच्या राजवाड्यात मात्र पाणी मातीच्या घागरीतच राहिलं.

म्हणून म्हणतात, ज्याला कोठारात भाऊ चालत नाही, त्याला डोंगरातही भाऊ मिळत नाही.