सात हात घोंगडी

फार फार वर्षांपूर्वी, लांबी मोजायला माणसाचा हातच पुरायचा त्या काळातली ही गोष्ट. डोंगरात एक लहानसं राज्य होतं, आणि राज्य लहान असलं तरी तिथली थंडी मोठी होती. पौष लागला की वाड्यापासून खोपटापर्यंत सगळे घोंगडीत शिरायचे.

तिथली राणी मनानं फार मऊ होती. ती तान्ही असतानाच तिची आई गेली. तिला वाढवलं ते दाईनं. ही दाई आता थकली होती, पण वेशीजवळची आपली खोली सोडून वाड्यात यायला तयार नव्हती. सूत कातायची आणि स्वतःच्या कमाईचं खायची. राणीनं पाठवलेला साधा गुळाचा खडाही ती परत करायची. अशा माणसावर माया करणं किती अवघड, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

एका वर्षी घोंगडीचा भाव एकाएकी दुप्पट झाला. चार नाण्यांची घोंगडी आठ नाण्यांना. दाईची जुनी घोंगडी विरून गेली होती. ती बाजारात गेली, भाव ऐकला आणि रिकाम्या हातानं परत आली. हे राणीच्या कानावर आलं, तेव्हा तिला घास गिळवेना. तिनं कारभाऱ्याला बोलावलं आणि दवंडी पिटायला सांगितली: उद्यापासून सात हात घोंगडी चारच नाण्यांना विकायची, जास्त घेईल त्याला दंड.

कारभारी चाचरत म्हणाला, "भाव का चढला, ते एकदा विचारून तरी पाहू."

"त्यात विचारायचं काय?" राणी म्हणाली. "विणणाऱ्यांना हाव सुटली आहे."

लोकांनी राणीचा जयजयकार केला. घोंगडी स्वस्त झाली म्हटल्यावर एक हवी होती त्यानं तीन नेल्या. आठवड्याभरात बाजार रिकामा झाला. त्यानंतर ज्या घोंगड्या आल्या, त्या अंमळ आखूडच दिसायला लागल्या.

राणीची माणसं मापायला गेली. तेव्हा विणणाऱ्यांनी वाळल्या चिंचेएवढी एक आजीबाई पुढे केली. तिच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजलं की घोंगडी बरोबर सात हात भरायची. हात कुणाचा धरायचा, हे दवंडीत नव्हतं ना, असं त्यांनी अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं. हसू आलं ना तुम्हाला? मलाही येतं. पण ती माणसं लबाड नव्हती, त्यांनाही घरी चूल पेटवायची होती.

मग वाड्यातून लाकडी माप गेलं. लांबी भरली, तर वीण इतकी विरळ झाली की पलीकडचं माणूस ओळखू यावं. वजनाचा नियम आला, तर विणणारे घोंगडी ओली करून विकायला लागले. नियम वाढले, तपासणारे वाढले, आणि घोंगड्या तेवढ्या कमी होत गेल्या.

या सगळ्यात दाईला मात्र एक घोंगडी मिळाली होती, चार नाण्यांतच. राणीला केवढा आनंद झाला! ऊब आहे का म्हणून निरोप पाठवला की दाई सांगून पाठवायची, भरपूर आहे. राणी त्या एका उत्तरावर समाधानानं झोपायची.

संक्रांतीच्या सकाळी राणी तिळगूळ घेऊन दाईकडे गेली आणि नेहमीप्रमाणे पाया पडायला वाकली. हाताला लागले ते पाय दगडासारखे गार होते. बोटं काळीनिळी पडली होती.

राणीनं कोपऱ्यातली घोंगडी उचलली आणि थंडीत पांघरतात तशी दुहेरी करून दाईच्या अंगाशी लावून पाहिली. खांद्यापासून ती जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचत होती.

"मला का नाही सांगितलंस, माय?"

"पाय पोटाशी घेतले की पुरते की गं," दाई म्हणाली. "तू माझ्यासाठी भाव बांधलास. मीच कुरकुर केली असती, तर लोक तुला हसले असते पोरी."

राणी तिथेच जमिनीवर बसून रडली. मग तिनं अंगावरची शाल दाईच्या पायांना गुंडाळली, आणि या वेळी दाईला नाही म्हणू दिलं नाही.

ती आखूड घोंगडी हातात घेऊन राणी विणणाऱ्यांच्या वाडीत गेली. तिथला म्हातारा धनगर रिकाम्या मागाशी बसला होता. भाव का चढला होता, हे राणीनं आता विचारलं.

"साथ आली, बाईसाहेब. निम्मी मेंढरं गेली," तो म्हणाला. "लोकर निम्मी, आन् थंडी तेवढीच. भाव चढला त्यो त्याचाच सांगावा हुता. तुमी सांगाव्याचंच तोंड बांधलंत."

घाटापलीकडे लोकर मुबलक होती, हेही त्यानं सांगितलं. पण घोंगडी चारच नाण्यांना विकायची म्हटल्यावर घाट चढून ती आणणार कोण?

राणीनं त्याच दिवशी हुकूम मागे घेतला. लोक चिडले, कारण भाव नऊ नाण्यांवर गेला. राणीनं त्यांची बोलणी ऐकून घेतली. वाड्यातल्या जास्तीच्या घोंगड्या तिनं वाटल्या, आणि ज्यांना विकत घेणं झेपत नव्हतं त्यांच्या हाती खजिन्यातून नाणी ठेवली. दाई फुकट काही घेईना, तेव्हा वाड्यासाठी वर्षभराचं सूत कातायचं काम देऊन राणीनं तिला लांब, जाड घोंगडी आगाऊ दिली.

नऊ नाण्यांची बातमी घाटापलीकडे पोचली, तशी लोकरीनं लादलेली तट्टं घाट उतरू लागली. शिमग्याला भाव सहावर आला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मेंढरंही वाढली आणि घोंगडी पुन्हा साडेचार नाण्यांना मिळू लागली. कुणालाही दवंडी पिटावी लागली नाही.

त्या संक्रांतीला राणी पुन्हा दाईच्या पाया पडायला वाकली. पाय चांगले ऊबदार होते. पण डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली होती, आणि राणीचा हात त्या रिकाम्या जागेवर बराच वेळ तसाच राहिला. शेवटी दाईनंच तिला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या तोंडात तिळगूळ घातला.

बोध असा: चढलेला भाव हा टंचाईचा निरोप असतो, निरोपाचं तोंड बांधून टंचाई जात नाही, तिचं कारण शोधावं आणि गरजूच्या हाती थेट मदत द्यावी.