पिटुकलीची भिंत

एक होती पाल. पाल कसली, पालीचं पिल्लू! बोटाएवढं. नाव पिटुकली.

पिटुकली राहायची छोट्या बेलाच्या घरी, भिंतीवरच्या फोटोमागं. फोटोत घरातले सगळे एका बाकावर. आजोबांचे डोळे मिटलेले.

बेलाच्या आईला भिंत हवी सजलेली. इथं मोर, तिथं मोर, मोराशेजारी मोर. बाबांना भिंत हवी मोकळी. एक दिवस बाबांनी सगळं उतरवलं. मोर गेले. खिळे गेले. फोटोही गेला!

मोठी माणसं अशीच. भरतात तर ठासून भरतात. काढतात तर खरवडून काढतात. पिटुकलीला कुणी विचारलं? नाही विचारलं.

पिटुकली निघाली. सुळुक् सुळुक्.

"फोटो रे फोटो, भिंतीवर चढ. मी राहू कुठं?"

"मी नाही चढणार. आधी खिळा बसू दे."

सुळुक् सुळुक्.

"खिळ्या रे खिळ्या, भिंतीत बस. फोटो चढेना. मी राहू कुठं?"

"मी नाही बसणार. आधी हातोडा ठोकू दे."

सुळुक् सुळुक्.

"हातोड्या रे हातोड्या, खिळा ठोक. खिळा बसेना, फोटो चढेना. मी राहू कुठं?"

"मी नाही ठोकणार. आधी बाबांना उठू दे."

बाबा रिकाम्या भिंतीकडं बघत बसले होते. स्वतःवरच खूश!

"बाबा हो बाबा, उठा ना. हातोडा ठोकेना, खिळा बसेना, फोटो चढेना. मी राहू कुठं?"

"मी नाही उठणार. एक लावला की आई दहा लावते. आधी आईला एकावर थांबू दे."

सुळुक् सुळुक्.

"आई गं आई, एकावर थांब. बाबा उठेनात, हातोडा ठोकेना, खिळा बसेना, फोटो चढेना. मी राहू कुठं?"

"ई! लांबून बोल! मी नाही थांबणार. माझ्या मोरांना अडगळ म्हणाले! आधी आजोबांना बोलू दे, कोण बरोबर."

आजोबा झोपले होते. खोटं खोटं. घरात भांडण झालं की आजोबांना झोप येते. दरवेळी!

"आजोबा हो आजोबा, बोला ना. आई थांबेना, बाबा उठेनात, हातोडा ठोकेना, खिळा बसेना, फोटो चढेना. मी राहू कुठं?"

"मी नाही बोलणार. कुणी खरं बोललं की पाल चुकचुकते. आधी पाल चुकचुकू दे."

पाल? पाल तर पिटुकलीच! पण खरं बोलतंय कोण?

भिंतीपाशी बेला उभी होती. फोटो होता तिथं पांढरा चौकोन उरला होता. बेलानं त्यावर हात ठेवला.

"बेला गं बेला, तू तरी बोल. आजोबा बोलेनात, आई थांबेना, बाबा उठेनात, हातोडा ठोकेना, खिळा बसेना, फोटो चढेना. मी राहू कुठं?"

बेला म्हणाली, "मोर नको. रिकामी नको. इथं आपण सगळे हवे. बास!"

पिटुकलीच्या गळ्यात गुदगुल्या झाल्या.

चुक् चुक् चुक्!

आजोबांचे डोळे टक्क उघडले. "पाल चुकचुकली! बेलाचं खरं!"

मग काय!

आजोबा बोलले, आई थांबली, बाबा उठले, हातोड्यानं ठोकलं ठक् ठक् ठक्, खिळा बसला, फोटो चढला!

आणि पिटुकली? सुळुक्! फोटोमागं.

अहाहा, काय भिंत दिसली! फोटोतला बाक दिसला. बेलाचे दोन दात दिसले. इतक्या मोरांत ते कधी दिसलेच नव्हते.

आई हळूच म्हणाली, "बाजूला एक मोर लावू? अगदी छोटा?"

सगळ्यांनी कान दिला.

फोटोमागं सामसूम. पिटुकली हूं नाही की चूं नाही.

आईनं मोर खाली ठेवला.