तुळईचं टोक

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव विचाराल तर मला सांगता यायचं नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. गोष्ट राजाची नाहीच. गोष्ट आहे दोन व्याह्यांची. पोरांनो, जरा पुढे सरकून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्ही मागे सुपारी कातरत नुसती मान डोलावू नका. ही गोष्ट पोरांपेक्षा तुमच्याच कामाची आहे.

एका नदीकाठच्या गावात सखोबा नावाचा सुतार होता आणि मालजी नावाचा गवंडी होता. दोघंही आपापल्या कामात पटाईत. सखोबानं दोन लाकडं सांधली की मधे केससुद्धा शिरायचा नाही. मालजीनं चुन्याचा गिलावा करून भिंत घोटली की बायका तिच्यात बघून कुंकू लावायच्या. सखोबाला एक मुलगी होती, सगुणा. मालजीला एक मुलगा होता. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा गाव म्हणालं, वा! लाकूड आणि चुना एका घरात आले, आता काय कमी?

कमी काय, विचारता? अक्कल! पण ते पुढे कळेलच.

लग्नात मुलीच्या बापानं व्याह्याला पागोटं बांधायचं, अशी तिथली रीत होती. सखोबानं मोठ्या हौसेनं केशरी पागोटं आणलं आणि स्वतःच्या हातानं मालजीच्या डोक्याला बांधलं. पण तो हात रंधा धरणारा. त्याला पागोटं बांधायची सवय कुठली? वरात चावडीपाशी आली, वाजंत्री रंगात आली, आणि मालजीचं पागोटं सुटून गळ्यात पडलं. पोरं खदाखदा हसली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालजीचं तोंड एवढंसं झालं.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "ज्याच्या हातचा सांधा जन्मात सैल पडला नाही, त्याचं पागोटंच नेमकं सैल पडतं होय? मुद्दाम केलंय त्यानं!"

हे सखोबाच्या कानावर गेलंच. अशा गोष्टींना पाय फुटतात. तो म्हणाला, "मुद्दाम? मी? एवढ्या हौसेनं बांधलं आणि वर हे ऐकायचं? जोवर ते मानानं बोलत नाहीत, तोवर मीही बोलणार नाही."

झालं! अबोला सुरू. डोक्यावरचे केस पिकले, नाकावरचा राग मात्र कोवळाच राहिला.

पुढे काय झालं, सगुणाच्या नवऱ्याच्या एका निपुत्रिक काकांचं जुनं घर त्या जोडप्याच्या वाट्याला आलं. घर कसलं, नुसता सांगाडा. गिलाव्याचे पोपडे निघालेले, चौकटीला वाळवी लागलेली, माळ्याच्या फळ्या लोंबत होत्या. पण खांब सागवानी आणि भिंती हातभर जाड. सगुणानं ते घर पाहिलं आणि तिचा जीव त्याच्यावर जडला. सासरच्या भरल्या घरात तिला पाठ टेकायला कोपरा नव्हता. "माझी लेकरं या घरात वाढतील," ती म्हणाली. तिला दुसरं काही नको होतं.

नवरा तर राजाच्या किल्ल्याच्या कामावर लांब गेलेला. आता घर दुरुस्त कोण करणार? सुताराची लेक आणि गवंड्याची सून. बाहेरचा माणूस बोलावला असता तर दोघांचीही नाकं कापली गेली असती. तेव्हा दोघंही आपापली हत्यारं घेऊन हजर झाले.

काम काय सुरू झालं म्हणता! मालजीनं अंगणात चुन्याची घाणी मांडली, बैल जुंपला आणि चुना लोण्यासारखा होईपर्यंत दळला. त्यात गुळाचं पाणी घातलं, हिरड्याचा काढा घातला. सखोबानं वाळवीनं खाल्लेलं तेवढंच लाकूड काढलं आणि त्या जागी त्याच जातीचं, जुनं, मुरलेलं लाकूड बसवलं. चौकटीवरच्या कोरीव कमळांच्या जिथं पाकळ्या झडल्या होत्या तिथं नव्या कोरल्या. आधीच्या कारागिरानं जसं केलं होतं तसंच करायचं, आपली हुशारी मधे घुसडायची नाही, ही दोघांची शिस्त. काम पाहून गाव थक्क झालं.

पण बोलणं? छे! एकाच खोलीत, हातभर अंतरावर उभे असायचे आणि निरोप जायचे सगुणाकडून.

"सगुणे, तुझ्या सासऱ्यांना सांग, चौकट बसली. आता कडेनं चुना भरा म्हणावं."

"सूनबाई, तुझ्या बापाला सांग, मला डोळे आहेत."

सगुणा बिचारी ओंजळीनं पाणी न्यावं तसे निरोप इकडून तिकडे न्यायची. त्यातला राग मधेच सांडून टाकायची आणि कामाचं तेवढं पोचवायची. काम नीट चाललं होतं ते तिच्यामुळे. पण हे त्या दोघा शहाण्यांच्या लक्षात आलं नाही.

मग सगुणाच्या मावसबहिणीचं लग्न निघालं आणि ती चार दिवस परगावी गेली.

आता नीट ऐका. माजघराच्या मधोमध एक मोठी तुळई होती. सगळ्या माळ्याचा भार तिच्यावर. तिचं एक टोक मागच्या भिंतीत शिरलेलं. सखोबानं त्या टोकावर बोटानं टकटक केलं. बाकी तुळई खणखणीत वाजत होती, टोक मात्र बद्द बोललं. आतून जरा मऊ पडलं होतं. कापून टाकावं तर तुळई भिंतीपर्यंत पुरली नसती. त्यानं टोकाला बिब्याचं तेल पाजलं आणि स्वतःशीच म्हणाला, "याच्या भोवती बोटभर जागा मोकळी ठेवली, वारा लागू दिला, तर हे कोरडं राहील आणि नातवंडांच्या नातवंडांना पुरेल. चुन्यात गाडलं तर मात्र कुजेल." मग त्यानं पलीकडे काम करणाऱ्या मालजीकडे पाहिलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात पागोटं आठवलं. "मानानं विचारलं तर सांगेन," तो पुटपुटला.

त्या टोकाशी एक पाल राहत होती. तिला दोन्ही बाजूंचं दिसायचं, ऐकूही यायचं. ती म्हणाली, "अरे बाबा, आत्ताच सांग." पण माणसाला पालीचं बोलणं नुसतं चुकचुकणं ऐकू येतं. आणि बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं, असं आपल्याकडे मानतात. सखोबानं लाकडावर बोटं आपटली. "बघा! पालसुद्धा खरं म्हणते," असं म्हणून तो दुसऱ्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी मालजी त्याच कोपऱ्यात आला. जुना गिलावा खरवडला तर आतली माती हाताला गार लागली. मागच्या बाजूनं वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. कोपरा उतरवून पुन्हा बांधायचा म्हणजे फार काम. "बाहेरून दाट गिलावा केला की नवं पाणी यायचं नाही," तो स्वतःशी म्हणाला. "आतली ओल दगडाला काय करणार? लाकडाला बाधेल. पण सुतार एवढा नावाजलेला, त्यानं काय ते बघावं. मला विचारलं तर सांगेन."

पाल कळवळून म्हणाली, "अहो, तुम्ही तरी सांगा!"

मालजीनं भिंतीवर बोटं आपटली. "ऐकलंत? खरं आहे माझं." आणि त्यानं तुळईच्या टोकाभोवतीची फट चुन्यानं भरली, गच्च दाबली आणि अशी घोटली, की तिथं कधी फट होती हे कुणाला सांगून पटलं नसतं. पालीनं आपलं बिऱ्हाड हलवलं.

सगुणा परत आली तेव्हा घर तयार होतं. तिला रडूच आलं. गावानं दोघांची तोंड भरून स्तुती केली. दोघंही पाठ फिरवून उभे होते, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं, स्तुती आपलीच चालली आहे.

पावसाळे आले आणि गेले. सगुणाचा नवरा मधूनमधून घरी यायचा आणि पुन्हा किल्ल्याच्या कामावर जायचा. सगुणाला दिवस राहिले. माहेरी बाळंतपण झालं, गोड मुलगा झाला. बारसं मात्र आपल्याच घरात करायचं, हा तिचा हट्ट. दोन्ही आजोबांना आनंदानं जेवण गोड लागेना. सखोबानं पाळणा केला, त्याला राघू-मैना कोरल्या. मालजीनं घराला पुन्हा चुना दिला. तुळईखालून दोघंही कितीदा तरी गेले. वर बघायचं कुणाला सुचलं नाही.

बारशाच्या दिवशी माजघर बायकांनी भरून गेलं. पाळणा तुळईच्या कडीला टांगला. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायची आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. सगुणाच्या मावशीनं वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली, त्याला पाळण्यात निजवलं आणि दोरीला हलकासा झोका दिला.

मागच्या भिंतीत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. पुढच्या क्षणी गुळगुळीत गिलावा फुटला, तुळईचं टोक भुशासारखं गळालं आणि तुळई तिरकी होऊन खांबावर अडकली. पाळणा दाणकन खाली आला. वरवंट्यानं फरशीला भोक पाडलं.

सगळ्या बायका त्या कुंची घातलेल्या दगडाकडे बघत राहिल्या. मला अजून ही गोष्ट सांगताना इथं थांबावं लागतं. बाळ मावशीशेजारी उभ्या असलेल्या सगुणाच्या हातात होतं, आणि ते शांत झोपलं होतं.

ओसरीवरून दोघं आजोबा धावत आले. सखोबानं टोक पाहिलं आणि तो ओरडला, "भोवती जागा सोडायला हवी होती! हे टोक मऊ होतं!"

"मऊ होतं?" मालजी म्हणाला. "मग बोलला का नाहीत? या कोपऱ्यात ओल होती!"

"ओल होती? अहो, मग तुम्ही का नाही बोललात?"

इतक्या वर्षांनी व्याही एकमेकांशी थेट बोलले, ते हे.

सगुणानं आधी बापाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. "म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं," ती म्हणाली.

मालजी फुटलेल्या गिलाव्याचे तुकडे पायानं बाजूला सारू लागला.

"मी चार दिवस इथं नव्हते. चार दिवसांत तुम्हाला एकमेकांना एवढं सांगता आलं नाही? आप्पा, तुम्हाला पाळण्यावर राघू कोरायला वेळ होता. मामंजी, तुम्हाला भिंत आरशासारखी करायला वेळ होता. आणि माझ्या लेकराच्या डोक्यावरचं छप्पर तुम्ही एका पागोट्यापायी सोडून दिलंत?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तिनं बाळाला पदराखाली घेतलं आणि ती समोरच्या कुंभारणीच्या घरी गेली. बायका तिच्यामागोमाग गेल्या. तिथं पडवीत, वाशाला साडीची झोळी बांधून बारसं झालं. आजोबांना कुणी बोलावलं नाही.

दोघं पडक्या माजघरात बसून राहिले. पलीकडून पाळण्याची गाणी ऐकू येत होती. संध्याकाळी घुगऱ्या घेऊन चाललेली एक म्हातारी दारात थांबली, तेव्हा मालजीनं तिला विचारलं, "आजी, नाव काय हो ठेवलं आमच्या नातवाचं?"

म्हातारीनं नाव सांगितलं आणि ती निघून गेली. सखोबा गुडघ्यांत डोकं घालून रडला. मालजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "व्याहीबुवा," तो म्हणाला, "ते पागोटं मुद्दाम नव्हतं ना?"

"अहो, मला बांधताच येत नाही हो पागोटं! लोक काय म्हणतील म्हणून बोललो नाही, एवढंच."

सकाळी दोघांनी काम सुरू केलं. मालजीनं आपल्या हातानं आपलाच आरशासारखा गिलावा फोडला आणि भिंतीत शिरलेलं एकेक टोक उघडं केलं. सखोबानं प्रत्येक टोक वाजवून पाहिलं आणि काय ऐकू आलं ते मोठ्यानं सांगितलं. ओला कोपरा उतरवला, कोरडा करून पुन्हा बांधला. नवी तुळई आली, आणि तिच्या टोकाभोवती किती जागा ठेवायची यावर दोघं तावातावानं भांडले. ते भांडण ऐकून समोरच्या पडवीत सगुणा पहिल्यांदा हसली.

घर सुधारल्यावर ती राहायला आली. फरशीतलं भोक बुजवायला मालजी चुना घेऊन बसला, तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, ते राहू द्या." ते तसंच राहिलं. पुढे नातू त्यात चिंचोके टाकून खेळायचा आणि दोघं आजोबा शेजारी बसून त्याला हाक मारायचे. पण त्याच्या कानात पहिल्यांदा नाव सांगितलं गेलं, तेव्हा ते तिथं नव्हते. घर दुसऱ्यांदा उभं करता आलं. ते बारसं दुसऱ्यांदा करता आलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आपलं काम कितीही सुबक असो, माहीत असलेली गोष्ट वेळेवर न सांगणं हीसुद्धा कामातलीच चूक असते.