खिरापतीची इंग्रजी

पाटावर हत्तीचं चित्र मांडून सहावीच्या मुली फेर धरून गात होत्या. चाल भोंडल्याची होती, शब्द मात्र कल्पनाबाईंनी रचलेले इंग्रजी. तेवढ्यात शाळेचे सचिव तात्यासाहेब घोरपडे जेवणाचा डबा हातात घेऊनच वर्गात शिरले.

"नाचून इंग्रजी येतं होय? बाई, उद्यापासून हा तास दुसरं कोणी घेईल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आता खिरापत ओळखायची आहे. तुमच्या डब्यात काय आहे, ते मुली इंग्रजीत विचारून ओळखतील. नाही जमलं, तर मी आपण होऊन तास सोडते."

"विचारा!"

"इज इट स्वीट?" एकीनं विचारलं.

"नो."

"इज इट राउंड विथ अ होल?"

"येस."

"डिड युवर वाइफ रोस्ट इट ऑर फ्राय इट?" दुसरीनं विचारलं.

तात्यासाहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "वहिनींनी भाजलंय की तळलंय, असं विचारतेय."

"हां, रोस्ट!"

"थालीपीठ!" मुली एकदम ओरडल्या.

तात्यासाहेबांनी निमूटपणे डबा उघडून थालीपीठ वाटलं आणि जाता जाता म्हणाले, "तास तुमच्याकडेच राहू दे, बाई. उद्या लाडू आणतो. फक्त प्रश्न मला आधी सांगून ठेवा."