तूच सांग

“शेवटचं काय बोलली ही?”

“तसं विशेष काही नाही, आऊ.”

“विशेष नकोच. जे बोलली ते सांग.”

जयवंत ढमाले, म्हणजे ढमालेसाहेब, यांनी घसा खाकरला. टेकडीवरच्या त्या मठात खुर्ची नव्हती. दगडी ओट्यावर मांडी घालून बसायची त्यांची सवय मोडली होती. चार हातांवर, पायरीवर, त्यांची बायको कुमुदिनी बसली होती. भर उन्हात. ऊन लागतंय की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“सतरा दिवस झाले,” साहेब म्हणाले. “तोंडातून अक्षर नाही. ताट पुढं ठेवलं की नुसती बघत बसते. फ्रिज उघडते आणि दार धरून उभी राहते... पंधरा पंधरा मिनिटं. दोन डॉक्टर झाले. डोक्याचा फोटो काढला.”

“बरा आला का?”

“सगळं व्यवस्थित आहे म्हणतात.”

आऊ चुलीत काटक्या सारत होती. सत्तरीची, काटक, कपाळ कोरं. दोन खोल्या, एक चूल आणि एक विहीर एवढाच तिचा मठ, आणि त्यात ती एकटी. लोक लांबून तिच्याकडे दुखणी घेऊन येत. ती औषध देत नसे, अंगाराही देत नसे.

“घरात वाद?”

“वाद?” साहेबांना हसूच आलं. “आऊ, तीस वर्षांत मी हिला ‘असं का केलंस’ म्हणून विचारलं नाही. लोकांच्या बायकांना साडीचा रंगसुद्धा नवऱ्याला विचारून घ्यावा लागतो. माझ्या घरात हिच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. डब्याला काय, पाहुण्यांना काय, मुलाला कुठल्या हॉस्टेलात घालायचं, कुणाच्या लग्नात साडी द्यायची आणि कुणाच्या लग्नात पातेलं, आईची गोळी जेवणाआधी की नंतर, मी आज कुठला शर्ट घालू... सगळं ही. मी एकच म्हणायचो, तूच सांग. पूर्ण मोकळीक दिली.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“मग थकली असेल.”

“मुलगा तेच म्हणतो. आई रोज ठरवून ठरवून शिणली म्हणतो. म्हणून मी तक्ता केला ना! सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ. चार रंगांत. फ्रिजवर लावला.”

“काय लिहिलंस त्यात?”

“चौकोन रिकामेच ठेवलेत. ते हिनं भरायचे.”

आऊने एक काटकी गुडघ्यावर मोडली.

“आणि तू काय करतोस, बाबा?”

“मी धरणावर उपअभियंता आहे. सहा दरवाजे, खाली अकरा गावं. पाणी चढायला लागलं की किती सोडायचं, किती वाजता, भोंगा आधी कुठल्या गावात वाजवायचा, ते मी ठरवतो. एका फोनवर.”

हे वाक्य साहेबांनी आजवर पुष्कळ ठिकाणी म्हटलं होतं, आणि पुष्कळांच्या भुवया वर गेल्या होत्या. आऊच्या गेल्या नाहीत. तिने परात पुढं ओढली.

“जेवून जा. इथं उरवत नाहीत आणि कमीही पाडत नाहीत. पाहुण्यानं आकडा सांगायचा, तेवढंच पीठ मळायचं. किती भाकऱ्या खातोस?”

साहेबांनी तोंड उघडलं... आणि मान पायरीकडे वळवली.

“किती गं?”



“कुमुद, अगं, मी किती खातो?”

आऊ पिठात हात घालून थांबली होती. तिला घाई नव्हती. साहेबांच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या. छप्पन्न वर्षं ताट समोर येत होतं, पोट भरत होतं, ताट उचललं जात होतं. आधी आईने वाढलं, मग हिने. आकडा त्यांच्यापर्यंत कधी आलाच नव्हता.

“तुम्ही वाढा ना,” ते म्हणाले. “मी खाईन.”

“आकडा.”

“दोन... तीन धरा. लहान असतात की मोठ्या? अहो, तुम्हीच बघा.”

आऊने दोन भाकऱ्यांचं पीठ घेतलं. मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली, निखाऱ्यावर धरली. पहिली फुगली, दुसरीही फुगली. साहेबांनी सावरून बसत हात पुढं केले. आऊ त्यांच्या अंगावरून पुढं गेली. दोन्ही भाकऱ्या आणि पिठलं ताटलीत घालून तिने कुमुदिनीच्या मांडीवर ठेवलं. खाशील का, म्हणाली नाही. किती खाशील, म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या तिच्या उजव्या हाताशी ठेवला आणि परत येऊन बसली.

कुमुदिनी ताटलीकडे बघत राहिली...

मग तिने तुकडा मोडला. एक, दुसरा. पुढं ती खातच गेली, कुणी मागून हात धरेल अशा घाईने.

“सतरा दिवसांत अशी जेवली नाही,” साहेब पुटपुटले. “घरी रोज विचारतो मी. काय खाशील, भात टाकू का, बाहेरून मागवू का, वरण पातळ हवं की घट्ट...”

“विचारतोस.”

“म्हणजे काय! दिवसातून दहा वेळा.”

आऊने परात धुवायला घेतली.

“आता सांग. शेवटचं काय बोलली?”

“‘तुम्ही ठरवा’ म्हणाली.”

“कशाचं?”

“भाजीचं. आईचं तेरावं होतं. पंगती उठल्या, माणसं गेली. उद्याला भाजी आणायची होती. मी विचारलं, मेथी आणू की गवार? तर म्हणाली, तुम्ही ठरवा.”

“मग ठरवलंस?”

“मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं? तूच सांग.”

“आई कशानं गेली?”

“फुफ्फुसं. नऊ दिवस हॉस्पिटलात होती. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. म्हणाले, व्हेंटिलेटर लावायचा की घरी न्यायचं, तासाभरात सांगा.”

“काय सांगितलंस?”

साहेबांनी पँटवरची धूळ झटकली. धूळ नव्हती.

“मी म्हटलं, हिला विचारा. आईचं खाणंपिणं, औषध, आंघोळ, सगळं हीच बघायची. हिलाच जास्त कळणार.”

“आई कुणाची, बाबा?”

“माझी.”

“ही काय म्हणाली?”

“तासभर बाकावर बसून होती. माझ्याकडे बघत होती मधूनमधून. मग म्हणाली, घरी नेऊ. नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. नाक्यावरच्या डॉक्टरांनीही सांगितलं, त्रास वाचला तिचा. पण तेराव्याला माझी बहीण भर पंगतीत म्हणाली, वहिनीनं घाई केली. आणखी चार दिवस ठेवलं असतं तर आई उठली असती, म्हणाली. सगळ्यांच्या देखत.”

“ही कुठं होती?”

“वाढत होती.”

“तू?”

“पंगतीतच. बहिणीच्या शेजारी.”

“तू काय म्हणालास?”

चूल विझत आली होती. पायरीवर कुमुदिनीचा हात तोंडाशी थांबला होता. ती वळली नव्हती, पण तिची पाठ ताठ झाली होती. ती ऐकत होती. सतरा दिवसांत पहिल्यांदा ती त्यांचं काहीतरी ऐकत होती, हे साहेबांना लख्ख दिसलं. आत्ता नीट बोललो तर ही वळेल, हेही दिसलं. पण बोलायला तेराव्याच्या पंगतीत काही बोललेलं असायला हवं होतं.

“मी... मी भात मागितला.”

कुमुदिनीने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला. पाठ पुन्हा वाकली.

साहेब गुडघ्यांवर हात टेकून अर्धवट उठले.

“मग आता काय करू, आऊ? हिला घरी नेऊ की इथं ठेवू थोडे दिवस? घरात दुसरं कुणी नाही. धरणावरून सारखे फोन येतात. नेलं आणि काही वेडंवाकडं झालं, तर लोक म्हणतील का नेलं. ठेवलं, तर म्हणतील टाकून आला. नेऊ की ठेवू? मला काही सुचत नाही. तुम्ही जाणत्या आहात. तुम्हीच सांगा.”

आऊने हात धुतले. पदराला पुसले. मग ती उठली, पायरीवर गेली आणि कुमुदिनीच्या शेजारी उन्हात बसली. तिच्यासारखेच गुडघे जवळ घेऊन, साहेबांकडे पाठ करून.



“आऊ?”

...

“आऊ, मी विचारतोय.”

आऊने मान वळवली नाही.

“आता आम्ही दोघी झालो. ‘तूच सांग’ म्हणायला तिसरी शोध.”